विश्लेषण : पत्ते मोजून कॅसिनोला हरवता येते का?

मेंढीकोट खेळताना हुकमाची किती पाने पडून गेली आणि चौथी मेंढी अजून कोणाकडे असेल, हे नेमके सांगणारा एखादा काका किंवा एखादी आत्या बहुतेक घरांत असते. त्यांना कोणी लबाड म्हणत नाही. उलट तेच आपले भिडू व्हावेत म्हणून ओढाताण होते. कॅसिनोतील ब्लॅकजॅकच्या टेबलावर हीच सवय असलेल्या माणसाला मात्र अदबीने दार दाखवले जाते. तिथे या सवयीचे नाव ‘कार्ड काउंटिंग’. चित्रपट, यूट्यूबवरील धडे आणि पैसे घेऊन ‘सिस्टीम’ शिकवणारी ॲप यांमुळे या शब्दाभोवती मोठे वलय तयार झाले आहे. गोव्याला निघालेल्या मित्रमंडळींत ‘मला मोजता येते’ म्हणणारा एक तरी निघतोच. ही मोजणी खरी आहे. तिच्यामागचे गणित साठ वर्षांहून अधिक काळ कोणाला खोडता आलेले नाही. पण ते खरे असल्याच्या प्रसिद्धीचा फायदा खेळाडूंपेक्षा कॅसिनोंनीच जास्त उचलला आहे.

हा खेळ कसा चालतो?

ब्लॅकजॅकमध्ये प्रत्येक खेळाडू फक्त डीलरविरुद्ध, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या कॅसिनोच्या कर्मचाऱ्याविरुद्ध खेळतो. शेजारचा जिंकला की हरला, याच्याशी त्याला देणेघेणे नसते. दुर्रीपासून दश्शीपर्यंतच्या पानांची किंमत त्यांच्या आकड्याइतकी, राजा-राणी-गुलाम प्रत्येकी १०, आणि एक्का सोयीप्रमाणे १ किंवा ११. सुरुवातीला दोन पाने मिळतात. आणखी पाने मागून २१च्या जितके जवळ जाता येईल तितके जायचे. २१ ओलांडले की बाद. डीलरचे एक पान उघडे असते. खेळाडूला कुठेही थांबण्याची मोकळीक असते, डीलरला नसते. त्याची बेरीज १६ किंवा कमी असेल तर त्याला पान घ्यावेच लागते आणि १७ झाली की थांबावे लागते. पहिल्या दोन पानांतच एक्का आणि दहा किमतीचे पान आले तर तो ‘ब्लॅकजॅक’. त्यावर पारंपरिक नियमानुसार पैजेच्या दीडपट रक्कम मिळते.

मग कॅसिनो कमावतो कुठे? खेळाडूला आधी खेळावे लागते, एवढ्यावरच. तो बाद झाला की त्याचे पैसे लगेच उचलले जातात. पाठोपाठ डीलरही बाद झाला तरी ते परत येत नाहीत. ब्लॅकजॅकवरील दीडपट, योग्य वेळी पैज दुप्पट करण्याची मुभा, सारखी दोन पाने फोडून दोन डाव करण्याची मुभा यांमुळे खेळाडूची बरीचशी भरपाई होते. प्रत्येक वेळी गणिताने योग्य तोच निर्णय घेतला, तर कॅसिनोची आघाडी साधारण अर्ध्या टक्क्यावर येते. म्हणजे १०० रुपयांच्या पैजेमागे सरासरी ५० पैसे. ‘आता पान येणारच’ अशा मनाच्या कौलावर खेळणाऱ्याविरुद्ध ती याच्या कितीतरी पट असते.

हे योग्य निर्णय पहिल्यांदा शास्त्रीय पद्धतीने काढले ते अमेरिकी लष्करातील चौघांनी. मेरीलँडमधील ॲबर्डीन प्रूव्हिंग ग्राउंड या लष्करी तळावर असलेल्या रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मेझेल आणि जेम्स मॅकडर्मट यांनी टेबलावरच्या गणकयंत्रांवर आकडेमोड करून १९५६ मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. आपल्याकडे इतके, डीलरकडे अमुक पान उघडे, तर काय करावे, याचा तक्ता त्यातून तयार झाला. मोजणीला बसण्याआधी हा तक्ता झोपेतून उठवले तरी म्हणता आला पाहिजे. मोजणी शिकायला निघालेले अनेक जण इथेच घसरतात. तक्ता कंटाळवाणा वाटतो, मोजणी मात्र चित्रपटातल्यासारखी वाटते.

मोजायचे नेमके काय?

रूलेटच्या चाकाला आठवण नसते. सलग दहा वेळा लाल आले तरी अकराव्या वेळी काळे येण्याची शक्यता तेवढीच राहते. पत्त्यांचे तसे नाही. वाटून झालेले पान पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाही. हाउझीत पुकारला गेलेला आकडा पुन्हा पुकारला जात नाही, तसेच हे. त्यामुळे पडून गेलेल्या पानांवरून उरलेल्या पानांविषयी काही ना काही सांगता येते. कार्ड काउंटिंगचा सारा डोलारा एवढ्या एका गोष्टीवर उभा आहे.

‘रेन मॅन’सारख्या चित्रपटांमुळे असा समज पसरला की मोजणारा प्रत्येक पान लक्षात ठेवतो. तसे कोणी करत नाही आणि करण्याची गरजही नसते. सर्वाधिक वापरली जाणारी ‘हाय-लो’ पद्धत पाहिली तर ती दुसरी-तिसरीतल्या मुलालाही समजेल. दोन ते सहा ही लहान पाने दिसली की मनातल्या बेरजेत एक मिळवायचा. दहा, गुलाम, राणी, राजा आणि एक्का दिसले की एक वजा करायचा. सत्ती, अठ्ठी, नव्वी सोडून द्यायच्या. एका कॅटमध्ये लहान पाने २०, मोठी पाने २० आणि मधली १२. म्हणून संपूर्ण कॅट मोजला तर बेरीज शून्यावर येते.

समजा, टेबलावर ओळीने पंजी, राजा, दुर्री, छक्की, एक्का, चौकी, नव्वी आणि तिर्री पडली. बेरीज अशी जाईल : एक, शून्य, एक, दोन, एक, दोन, दोन, तीन. म्हणजे अधिक तीन. आतापर्यंत लहान पाने जास्त गेली, उरलेल्यांत मोठी थोडी अधिक आहेत. पण ‘थोडी’ म्हणजे किती? कॅसिनोत एक नव्हे, बहुधा सहा किंवा आठ कॅट एकत्र पिसलेले असतात. सहा कॅटच्या ढिगात तीन पानांचा फरक म्हणजे दर्यात खसखस. म्हणून चालू बेरजेला उरलेल्या कॅटच्या संख्येने भागतात आणि जे येते तीच ‘खरी बेरीज’ मानतात. बेरीज अधिक आठ आहे आणि दोन कॅट उरले आहेत, तर खरी बेरीज अधिक चार. तीच अधिक आठ पाच कॅट उरलेले असताना आली, तर खरी बेरीज दोनही भरत नाही.

खरी बेरीज एकाने वाढली की आघाडी साधारण अर्ध्या टक्क्याने खेळाडूकडे सरकते. मूळची आघाडी कॅसिनोकडे अर्धा टक्का असल्याने खरी बेरीज एक असताना दोघे बरोबरीत येतात. अधिक चारवर खेळाडू सुमारे दीड टक्क्याने पुढे असतो. अशा वेळी पैज मोठी करायची, एरवी कमीत कमी लावून वेळ काढायचा. डीलर गप्पा मारत असताना, शेजारचा पेय सांडत असताना, तासाला साठ-सत्तर डावांच्या वेगाने हे न चुकता करायचे, एवढेच त्यात अवघड आहे. अर्थात हे ‘एवढेच’ फार थोड्यांना जमते.

मोठी पाने खेळाडूला धार्जिणी का?

पाने दोघांनाही एकाच ढिगातून मिळतात. मग मोठी पाने जास्त असली तर डीलरलाही तितकाच फायदा व्हायला हवा, अशी शंका येणे रास्त आहे. तिचे उत्तर नियमांच्या असमानतेत आहे. ब्लॅकजॅक दोघांनाही सारख्याच शक्यतेने लागतो, पण खेळाडूला लागला तर त्याला दीडपट मिळते आणि डीलरला लागला तर खेळाडूची पैज एकपटच जाते. दुसरे असे की १२ ते १६ या अडचणीच्या बेरजेवर खेळाडू थांबू शकतो, डीलरला पान घ्यावेच लागते; ढिगात मोठी पाने भरलेली असतील तर तो अधिक वेळा बाद होतो. पैज दुप्पट करताना, म्हणजे हातात १० किंवा ११ असताना, खेळाडूला मोठेच पान हवे असते. लहान पाने, विशेषतः पंजी, डीलरला त्याच्या अडचणीतून सोडवतात. १६ असलेल्या डीलरला पंजी म्हणजे थेट २१. म्हणून पंजी पडून गेली की मोजणाऱ्याला सर्वाधिक आनंद होतो.

मोजणीचा सर्वांत स्वच्छ दाखला मात्र ‘इन्शुरन्स’ या जोडपैजेत मिळतो. डीलरचे उघडे पान एक्का असेल, तर खेळाडूला विचारले जाते : विमा घेणार का? डीलरचे झाकलेले पान दहा किमतीचे निघाले तर या पैजेवर दुप्पट मिळते. नाव विम्याचे असले तरी हा विमा नाही, वेगळा जुगार आहे. दुप्पट मिळणार असेल तर ती पैज परवडण्यासाठी दर तीन पानांत एकाहून अधिक पान दहा किमतीचे असायला हवे. नव्या कोऱ्या एका कॅटमधून एक्का बाजूला काढला तर ५१ पाने उरतात, त्यांत दहा किमतीची १६. म्हणजे ३१.४ टक्के, ३३.३ला कमी. म्हणून न मोजणाऱ्याने हा विमा कधीच घेऊ नये. खरी बेरीज अधिक तीन किंवा वर गेली की हेच प्रमाण एक तृतीयांश ओलांडते आणि तीच तोट्याची पैज फायद्याची होते. पैज तीच, टेबल तेच, बदलले ते फक्त ढिगात काय उरले आहे याचे ज्ञान.

गणिताच्या प्राध्यापकाने काय केले?

या ज्ञानाला शास्त्राचे रूप दिले एडवर्ड थॉर्प यांनी. चार लष्करी जवानांचा निबंध त्यांच्या वाचनात आला. त्यांनी विचारलेला पुढचा प्रश्न साधा होता : ढिगातून चारही पंज्या काढून टाकल्या तर काय होते? चारही दश्श्या काढल्या तर? ही आकडेमोड हाताने करायला जन्म पुरला नसता. थॉर्प यांनी एमआयटीतील आयबीएम ७०४ या संगणकावर ती केली. प्रत्येक प्रकारच्या पानाचे वजन त्यातून कळले. जानेवारी १९६१ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. तो तिथे पाठवण्यासाठी अकादमीचे सदस्य हवे होते, आणि ते काम केले क्लॉड शॅनन यांनी, माहितीशास्त्राचा पाया घालणाऱ्या शॅनन यांनी.

वर्तमानपत्रांत बातमी येताच लोकांनी थॉर्प यांना टोमणे मारले : एवढे कळते तर खेळून दाखवा. दोन श्रीमंत जुगाऱ्यांनी १० हजार डॉलरचे भांडवल पुरवले आणि थॉर्प नेवाडात जाऊन ११ हजार डॉलर जिंकून आले. किती पैज लावायची याचाही त्यांच्याकडे हिशेब होता. बेल लॅब्जमधील जॉन केली यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार ते आघाडीच्या प्रमाणात पैज लावत. एक टक्का आघाडी असेल तर भांडवलाच्या एक टक्क्याहूनही कमी. चित्रपटातला नायक सगळ्या चिप्स पुढे सरकवतो तो क्षण या हिशेबात कुठेच बसत नाही.

१९६२ मध्ये थॉर्प यांचे ‘बीट द डीलर’ हे पुस्तक आले आणि प्रचंड खपले. हाय-लो पद्धत त्यातील मूळची नव्हे. ती हार्वी डब्नर यांनी १९६३ मध्ये मांडली आणि आयबीएममधील ज्युलियन ब्राउन यांच्या संगणकीय आकडेमोडीसह पुस्तकाच्या १९६६च्या आवृत्तीत आली. पुस्तकाने कॅसिनो धास्तावले. १९६४ मध्ये लास व्हेगासच्या कॅसिनोंनी पैज दुप्पट करण्यावर आणि एक्के फोडण्यावर बंधने घातली. गंमत पुढे झाली. मोजणारे मूठभर, बंधनांमुळे चिडून टेबल सोडून गेले ते साधे खेळाडू. काही आठवड्यांतच कॅसिनोंनी जुने नियम परत आणले. तोवर त्यांच्या लक्षात आले होते की ‘हा खेळ जिंकता येतो’ ही अफवा नसून सत्य असल्यामुळेच लोक या टेबलावर गर्दी करत आहेत. पुस्तक विकत घेणारे हजारो, ते पचवणारे शेकड्यांतही नाहीत. अर्धवट मोजणारा गिऱ्हाईक कॅसिनोला न मोजणाऱ्यापेक्षाही परवडतो, कारण तो आत्मविश्वासाने मोठ्या पैजा लावतो.

मग मोजणारे सगळे श्रीमंत का झाले नाहीत?

एक टक्का आघाडी म्हणजे काय, हे रुपयांत पाहावे. दर डावाला १,००० रुपये लावून १०० डाव खेळले, तर सरासरी कमाई १,००० रुपये. पण १०० डावांतला नेहमीचा चढउतार सुमारे साडेअकरा हजार रुपयांचा असतो. म्हणजे अचूक मोजणारा माणूस त्या रात्री दहा हजार जिंकून किंवा दहा हजार हरून उठला, तर दोन्हींत नवल काही नाही. अपेक्षित कमाई आणि नेहमीचा चढउतार बरोबरीला यायला १३ हजारांच्या आसपास डाव खेळावे लागतात. तासाला ६० डाव धरले तर २०० तासांहून अधिक. आणि इतके करूनही सहातला एक मोजणारा तोट्यातच असतो. चूक एकही न करता.

याचा अर्थ एका आठवड्याच्या सहलीत मोजणी ‘चालली’ की ‘चालली नाही’, हे कळूच शकत नाही. दोन रात्री जिंकलेला स्वतःला थॉर्प समजतो आणि हरलेला आणखी भांडवल आणतो. दोघांचेही निष्कर्ष नशिबाने काढलेले असतात. जुगाराच्या व्यसनात सापडलेल्याला याहून चांगले निमित्त मिळत नाही : मी जुगार खेळत नाही, गणित करतो. मोजणी शिकवून पैसे कमावणारी ॲप आणि वर्ग या चढउताराविषयी जितक्या कमी आवाजात बोलतात, तितका त्यांचा धंदा चालतो.

चढउतारावर खरा उपाय सापडला तो एकत्र खेळण्यात. १९७०च्या दशकात अल फ्रान्सेस्को यांनी संघाची पद्धत बसवली. काही जण वेगवेगळ्या टेबलांवर किरकोळ पैजा लावत नुसते मोजत बसत. बेरीज वर गेली की खुणेने ‘मोठ्या खेळाडू’ला बोलावत, आणि तो पैसेवाल्याच्या थाटात येऊन मोठ्या पैजा लावून निघून जाई. पैज लहानाची मोठी होताना दिसली की कॅसिनोला संशय येतो. इथे ती बदलतच नसे. पॅसिफिक स्टॉक एक्स्चेंजमधील मोठे पद सोडून आलेले केन अस्टन या संघातून पुढे आले. एमआयटीच्या विद्यार्थ्यांचे संघ त्यानंतरचे. बिल कॅप्लन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० पासून ते कंपनीसारखे चालवले. गुंतवणूकदारांचे भांडवल, तासांची नोंद, आणि खऱ्या पैशांना हात लावण्याआधी कडक परीक्षा. बेन मेझरिक यांचे २००२चे पुस्तक आणि २००८चा ‘२१’ हा चित्रपट त्यांच्यावर बेतलेला. पडद्यावर दिसले ते लिमोझिन आणि नोटांचे गठ्ठे. हिशेबाच्या वह्या आणि महिनोन्‌महिने हरणे दाखवून तिकिटे खपत नाहीत.

ही लबाडी आहे का?

डोक्यात बेरीज करणे हा अमेरिकेत वा ब्रिटनमध्ये गुन्हा नाही. नेवाडात मात्र कॅसिनो ही खासगी जागा असल्याने मालक मोजणाऱ्याला ब्लॅकजॅक खेळू न देता बाहेर काढू शकतो. अटलांटिक सिटीतील एका कॅसिनोने अस्टन यांना असेच काढले, तेव्हा ते न्यायालयात गेले. १९८२ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की खेळाचे नियम ठरवण्याचा अधिकार राज्याच्या कॅसिनो आयोगाचा आहे, त्यामुळे केवळ मोजतो म्हणून कॅसिनो कोणाला आपल्या मर्जीने घालवू शकत नाही. अस्टन जिंकले. त्यानंतर तिथल्या टेबलांवर कॅटची संख्या वाढली आणि पत्ते मध्येच पिसले जाऊ लागले. मोजणाऱ्याला बसायला खुर्ची मिळाली, मोजण्याजोगे फारसे उरले नाही.

यंत्राची मदत घेतली की मात्र रेषा ओलांडली जाते. कीथ टाफ्ट या अभियंत्याने १९७०च्या दशकात अंगावर बाळगायचा आणि पायाच्या बोटांनी चालवायचा संगणक तयार केला होता. नेवाडाने १९८५ मध्ये अशा साधनांवर कायद्याने बंदी घातली. आज टेबलाखाली मोबाइलवर मोजणी करणाऱ्यालाही तोच कायदा लागतो. लंडनमधील एका प्रकरणात रेषा आणखी स्पष्ट झाली. फिल आयव्ही या नामवंत खेळाडूने २०१२ मध्ये पुंटो बँको या खेळात सुमारे ७७ लाख पौंड जिंकले. पानांच्या पाठीवरील नक्षीतील किंचित फरक ओळखून, आणि शकुनाचे कारण सांगून डीलरकडून काही पाने उलट्या दिशेने फिरवून घेऊन. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये याला फसवणूक ठरवले. आयव्ही यांनी पानांची मांडणीच आपल्या सोयीची करून घेतली होती. मोजणारा तसे काही करत नाही. सर्वांना दिसलेल्या पानांचीच तो बेरीज करतो.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने तर पाने लक्षात ठेवण्याला कौशल्य म्हटले आहे. १९६८ मध्ये आंध्र प्रदेश विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात रमीला निव्वळ नशिबाचा खेळ मानण्यास न्यायालयाने नकार दिला. त्यामागच्या कारणांत पडलेली पाने ध्यानात ठेवावी लागतात हेही एक होते. तीन पत्तीला मात्र त्याच निकालात नशिबाच्या रांगेत बसवले गेले. पाने आठवण्याचे जे कसब न्यायालयाने खेळाच्या बाजूने धरले, तेच कॅसिनो खेळाडूच्या विरोधात धरतो. हरणाऱ्याच्या कौशल्याला कोणाची हरकत नसते.

कॅसिनोने उत्तर कसे दिले?

पूर्वी छायाचित्रांच्या वह्या होत्या, मग छतावरचे कॅमेरे आणि चेहरा ओळखणारी यंत्रणा आली. आजही संशयित टेबलाचे चित्रण पाहणारा कर्मचारी स्वतःच मोजत बसतो आणि बेरजेबरोबर पैज हलते का ते ताडतो. पण माणूस पकडण्यापेक्षा खेळ बदलणे स्वस्त. ढिगाच्या मागच्या भागात खुणेचे पान खुपसून शेवटचे दीड-दोन कॅट वाटायचेच नाहीत, ही एक युक्ती. बेरीज खऱ्या अर्थाने उपयोगी पडते ती शेवटाकडे, आणि शेवटच कापला जातो. सतत पिसणारे यंत्र त्याहून कठोर आहे. प्रत्येक डावानंतर पाने पुन्हा त्यात जातात, मोजलेले सगळे पाण्यात.

सर्वांत हुशार बदल मात्र फारसा कोणाच्या लक्षातच येत नाही. ब्लॅकजॅकवर तीनास दोनऐवजी सहास पाच. १,००० रुपयांवर १,५०० ऐवजी १,२०० रुपये. ब्लॅकजॅक साधारण २१ डावांत एकदा लागतो. दर वेळी ३०० रुपये कमी म्हणजे प्रत्येक डावामागे सुमारे १४ रुपये, अर्थात १.४ टक्के. एका पाटीवरील दोन आकडे बदलून कॅसिनोची आघाडी जवळपास चौपट होते, आणि हा भुर्दंड मोजणाऱ्यापेक्षा टेबलावर मजेसाठी बसलेल्या सामान्य माणसाला अधिक पडतो. मोजणाऱ्यांचे निमित्त करून आलेल्या बहुतेक बदलांची किंमत त्यानेच मोजली आहे. टेबलावर बसण्याआधी वाचावी अशी एकच गोष्ट असेल तर ती ही पाटी.

गोव्यात मोजणी चालेल का?

महाराष्ट्राने १९७६ मध्येच कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर आकारणारा कायदा केला होता. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. त्याच वर्षीच्या, १९७६च्या, गोव्यातील सार्वजनिक जुगार कायद्यात मात्र १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रावरील खेळांना आणि १९९६ मध्ये जहाजांवर टेबलावरील खेळांना वाट मिळाली. मांडवीतल्या बोटी त्यातून आल्या. फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना तिथे खेळायला मनाई आहे. उरतात ते बाहेरून येणारे, महाराष्ट्रातले धरून. मोबाइलवरच्या ब्लॅकजॅकचा प्रश्नच नाही. संगणक प्रत्येक डावाला नव्याने पत्ते पिसत असेल तर मोजण्यासारखे काही नसते, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला आहे.

बोटीवर ब्लॅकजॅक मिळतो. समजा, नियम बरे आहेत, पिसणारे यंत्र नाही आणि खेळाडू खरोखर तरबेज आहे. तरी त्याला आणखी दोन भिडूंशी खेळावे लागते आणि दोघेही सरकारी आहेत. पहिला वस्तू व सेवा कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर तो २८ वरून ४० टक्के झाला. तो आकारला जातो चिप्स खरेदीच्या रकमेवर. जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्या तर त्यावर नव्याने कर नाही, पण न वापरलेल्या चिप्स परत केल्या तरी भरलेला कर कमी होत नाही. कॅसिनोने तो ग्राहकावर टाकला, तर १० हजारांच्या चिप्सना १४ हजार पडतात. एक टक्का आघाडीने हे वरचे ४ हजार भरून काढायला ४ लाख रुपयांच्या पैजा लावाव्या लागतील. कॅसिनोने स्वतः सोसला, तर तो नियमांत किंवा प्रवेश शुल्कात कुठेतरी वसूल होणारच.

दुसरा भिडू प्राप्तिकर. पत्त्यांच्या खेळातील आणि जुगारातील कमाईवर सरळ ३० टक्के कर आहे, आणि त्यातून हरलेली रक्कम वजा करता येत नाही. नोकरदाराला, दुकानदाराला ही तरतूद कधी जाणवत नाही. ज्याची सगळी कमाईच खूप जिंकणे आणि जवळजवळ तितकेच हरणे यांच्यातल्या बारीक फरकातून येते, त्याच्यासाठी ती निर्णायक ठरते. समजा, वर्षात सहा रात्री प्रत्येकी २० हजार जिंकले आणि पाच रात्री प्रत्येकी २० हजार हरले. हातात उरले २० हजार. कायदा अक्षरशः लावला तर कर १ लाख २० हजारांवर, म्हणजे उपकर सोडून ३६ हजार. वर्षभर एकही पान न चुकता मोजलेला हा खेळाडू १६ हजारांनी मागे असतो.